दोन दशांश शून्य शून्य

१

नव्या चष्म्यातून शेवटची पायरी जिथे दिसली तिथे ती नव्हती. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पाय टाकला तो हवेत. उजवा हात अंगाखाली सापडला आणि मनगट मोडलं. ज्या हातानं दोन मुलींची शिक्षणं शिवून काढली, तो हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

चष्मा धर्मादाय नेत्रालयातला होता. केसपेपरवर डॉक्टरबाईंनी स्वच्छ लिहिलं होतं, उजवा डोळा दीड, डावा अडीच. चष्म्यात भिंगं निघाली दोन आणि दोन. म्हणजे एका डोळ्याला जास्त, दुसऱ्याला कमी. पायरी चुकणार नाही तर काय होणार?

नेत्रालयानं गुन्हेगार लगेच शोधून काढला. मागच्या कारखान्यात भिंगं घासणारे काका. सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. म्हातारे झालेत, हात थरथरतो, स्वतःलाच दिसत नाही ते दुसऱ्याला काय दाखवणार, असं म्हणून त्यांना घरी बसवलं. आणि खरोखरच, काका घरी बसले आणि तक्रारी थांबल्या. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

निष्काळजीपणाचा शेरा मारून काढायचं ठरलं. तो शेरा घेऊन दुसऱ्या कुठल्या कारखान्याच्या दारात त्यांना उभंही केलं नसतं, आणि नेत्रालयाच्या आवारातली राहती खोलीही गेली असती. अध्यक्षांची सही तेवढी बाकी होती. सही करायला हात उचलेना, म्हणून त्यांनी वन्संना बोलावलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात त्यांचा जन्म गेला. आता निवृत्त आहेत, पण घरात साखरेचा डबा एक बोट सरकला तरी त्यांना कळतं.

"तूही चल," त्या मला म्हणाल्या. "तुझा चष्मा तिथलाच ना?"

होता तिथलाच. जवळचं वाचायचा. सकाळी स्नान करून नेमाचं वाचन झाल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. पण हल्ली ओळी हलायच्या, कपाळ ठणकायचं, वाचलेलं पुन्हा वाचावं लागायचं. मला वाटलं, माझंच लक्ष उडालंय. रोज पोथी मिटताना मी देवाची क्षमा मागायची. चष्म्याचा संशय मनाला शिवला नाही. फुकट मिळालेला चष्मा. धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं कोण विचारतं?

"नंबर किती लिहिला होता तुझा?" वन्संनी रिक्षात विचारलं.

"अडीच."

त्यांनी माझ्या पिशवीतून चष्मा काढून घेतला आणि सरळ स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "आजचा दिवस माझ्या डोळ्यांनी वाच," म्हणाल्या.

२

व्यवस्थापकांची खोली थंडगार. काचेचं टेबल, काचेखाली कुठल्या कुठल्या सत्कारांचे फोटो. कोपऱ्यात जुना संगणक, त्याला शिवलेलं झाकण.

"मॅडम, वाईट मलाही वाटतं," व्यवस्थापक म्हणाले. "काकांनी मला खांद्यावर खेळवलंय. पण भावनेनं संस्था चालत नाही."

"चष्म्याचा नंबर डॉक्टरबाईंकडून काकांपर्यंत जातो कसा?" वन्संनी विचारलं.

"केसपेपर बाहेर येतो, ऑपरेटर मुलगी तो संगणकात भरते, संगणक चिठ्ठी छापतो, चिठ्ठी कारखान्यात जाते. काका भिंग घासतात, यंत्रावर चिठ्ठीशी पडताळून बघतात आणि चिठ्ठी फाडून टाकतात."

"चिठ्ठी ठेवत नाही?"

"कशाला? संगणकात असतंच की. या बाईंचं बघा." त्यांनी झाकण काढलं, कळा दाबल्या, पडदा आमच्याकडे वळवला. मला धुरकट दिसत होतं, वन्संनी वाचून दाखवलं, उजवा १.५०, डावा २.५०. "संगणकात बरोबर, चष्म्यात चूक. मधे कोण? काका. आता तुम्हीच सांगा."

"प्रोग्रॅम चांगला दिसतो."

"जुना डेटाबेस आहे, पण सोन्यासारखा चालतो," ते खुलले. "एकट्यानं बसवलाय मी. एका कंपनीला पायरी चढू दिली नाही. गेल्या वर्षाची फाइल भरत आली, तर या वर्षासाठी नवी फाइल, नवे तक्ते, सगळं पहिल्यापासून स्वतः उभं केलं."

"आणि काकांच्या हाताची खात्री कधीपासून वाटेनाशी झाली?"

"अहो, घरचाच अनुभव. आमच्या आईचा चष्मा. कारखान्यात केलेला पहिला चुकीचा निघाला. डोकं धरून बसायची बिचारी. आता नव्या माणसाकडून करून घेतला, तर सुईत दोरा ओवते."

वन्संनी नुसती मान हलवली. त्यांनी अशी मान हलवली की मला विम्याचे खोटे दावे करणाऱ्यांची दया येते.

डॉक्टरबाई दारातच भेटल्या, हातमोजे काढत. "मी दीड लिहिलं, अडीच लिहिलं. लहान मूलही वाचेल अशा अक्षरात. माझ्यावर येऊ नका," एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे वळल्या. त्यांचं खरं होतं. केसपेपर सगळे जागेवर होते आणि अक्षर मोत्यासारखं होतं.

ऑपरेटर मुलगी मात्र आमच्याकडे बघून उभीच राहिली.

"बस गं," वन्सं म्हणाल्या. "नंबर भरताना चुकत असशील का?"

"मी चुकत नाही," ती म्हणाली. आवाज लहान, पण हनुवटी वर. "दीड आला की एक, टिंब, पाच, शून्य. डोळे कागदावर असतात, बोटं आपली चालतात. पडद्याकडे बघितलं तर दिवसभराचे कागद संपायचे नाहीत. साहेब तर म्हणतात, मान वर केलीस की पगार खाली येतो."

"काकांना घरी पाठवलं त्या दिवशी तू इथेच होतीस?"

"अर्धा दिवस. साहेबांनी मला दुपारीच सोडलं. संगणक साफ करायचाय म्हणाले, धूळ बसलीय."

"मग झाला साफ?"

तिनं कीबोर्डाकडे बघितलं. "दुसऱ्या दिवशी माझ्या बिस्किटाचे कण कीबोर्डात तसेच होते."

३

आवाराच्या टोकाला काकांची खोली. काका खाटेवर बसून स्वतःचा चष्मा सदऱ्याला पुसत होते. सवय. हाताला काम नसलं की हात काहीतरी शोधतो.

"बसा. चहा मिळणार नाही, दूध संपलंय. अपमान गरम आहे, तो घ्या हवा तर."

वन्सं हसल्या. मला हसू आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी काच घासलेला माणूस आणि त्याच्या दारावर 'खोली रिकामी करावी' असा कागद. तोही काकांना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात टाइप केलेला. एवढी काळजी मात्र घेतली होती.

"हात पुढे करा," वन्सं म्हणाल्या.

काकांनी हात पसरला. थरथरत होता.

"आता ही पिन धरा." माझ्या पदराची पिन त्यांनी काकांच्या चिमटीत दिली. हात थांबला. पिनेचं टोक भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखं स्थिर.

"रिकामा हात थरथरतो, बाई. कामाला लागला की त्याला कळतं आपण कोण," काका म्हणाले. "पण हे सांगून कोण ऐकतंय? मी सांगितलं, चिठ्ठीवर दोन दशांश शून्य शून्य होतं, दोन्ही डोळ्यांना. तर म्हणाले, चिठ्ठी दाखवा. चिठ्ठी फाडायचा नियम कोणी केला? त्यांनीच."

"तुम्हाला कधी वेगळं काही वाटलं नाही? या वर्षात?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "वाटलं. पाव, अर्धा, पाऊण अशी भिंगं हल्ली मागायलाच येईनात. सगळे पूर्ण नंबर. एक, दोन, चार. मी म्हटलं, गावातल्या सगळ्यांच्या डोळ्यांनी बैठक घेऊन ठरवलंय की काय? विचारलं एकदा."

"कोणाला?"

"ज्याला विचारायचं त्याला."

"काका, नाव सांगा."

"नाही. पुरावा नसताना नाव घेतलं तर म्हणतील, म्हातारा स्वतःची कातडी वाचवतोय. तुम्ही शोधा. सापडलं तर मी हो म्हणेन." मग अगदी हळू म्हणाले, "विचारलं, आणि त्याच आठवड्यात मला घरी बसवलं."

४

परत केलेले चष्मे एका पत्र्याच्या डब्यात टाकले होते. वन्संनी तो डबा घेतला, माझा चष्मा त्यात घातला आणि नंबर तपासायच्या यंत्राशी जाऊन बसल्या. एकेक चष्मा यंत्राखाली, शेजारी त्याच माणसाचा केसपेपर. मी केसपेपर हातभर लांब धरून वाचत होते.

"वाच."

"सव्वा."

"भिंग एक. पुढे."

"दीड."

"भिंग दोन."

"अडीच."

"दोन. हा तुझा, वहिनी. आणखी?"

"साडेतीन."

"चार."

मी थांबले. "वन्सं, दीडचे दोन केले, म्हणजे वाढवलं. मग माझ्या अडीचचे तीन का नाही केले? माझं कमी का केलं?"

वन्संनी यंत्रावरून मान वर केली. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर भाच्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "हेच. थरथरणारा हात एकदा इकडे जाईल, एकदा तिकडे. सव्वाचं दीड होईल, अडीचचं पावणेतीन. पण या डब्यात एकही अपूर्णांकाचं भिंग नाही. हात थरथरून दर वेळी नेमक्या पूर्ण आकड्यावर बसत नसतो. आणि अर्धा आला की नेहमी सम. दीडचे दोन, अडीचचेही दोन, साडेतीनचे चार. तीन कधीच नाही. माणूस असं चुकत नाही. असं कोण करतं ते मला माहीत आहे. आमच्या कंपनीत हाच प्रोग्रॅम होता आणि त्यानं आम्हाला एकदा चांगलं रडवलंय."

ऑपरेटर मुलीच्या शेजारी बसून त्यांनी तक्त्याची रचना उघडली. मला म्हणाल्या, "प्रत्येक खान्याला आधी सांगावं लागतं की तू काय धरणार. अक्षरं, तारीख की आकडा. आकडा म्हटलं की पुढचा प्रश्न, नुसता पूर्ण आकडा की अपूर्णांकासकट. आपण काही बोललो नाही तर हा प्रोग्रॅम गुपचूप पूर्ण आकडा धरतो. या खान्यात तेच झालं असणार. बघ."

त्यांनी नंबरच्या खान्यावर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच राहिलं.

खाना बरोबर होता. अपूर्णांक धरणारा.

५

"म्हणजे संगणकाची चूक नाही," ऑपरेटर मुलगी पुटपुटली. काकांच्या सुटकेचं शेवटचं दार बंद झालं होतं.

वन्सं मात्र खुर्चीत मागे टेकल्या. "पेला आज मोठा आहे, म्हणून काल सांडलेलं दूध परत येत नाही. मुली, या वर्षाचे सगळे नंबर काढ. तारखेनं लाव."

पडद्यावर आकडे धावले. मुलगी वाचत गेली आणि तिचा आवाज बदलत गेला. वर्षाच्या सुरुवातीपासून दोन, एक, चार, दोन, दोन. काका घरी बसले त्या दिवसापर्यंत सगळे पूर्ण. दुसऱ्या दिवसापासून सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, जसे माणसांचे डोळे असतात तसे.

"आता त्या आधीच्या काळात अपूर्णांक आहे अशा नोंदी शोध."

मुलीनं शोधलं. दोनच निघाल्या. एक शिवणकाम करणाऱ्या बाईंची. दुसऱ्या नोंदीतलं आडनाव वाचलं आणि तिनं पटकन दाराकडे पाहिलं.

वन्संनी अध्यक्षांना बोलावलं, डॉक्टरबाईंना बोलावलं, काकांना आणायला माणूस पाठवला. व्यवस्थापक आपण होऊनच आले.

"आम्हाला एक गंमत करून दाखवायची आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी नवा तक्ता केला, आकड्याचा खाना घेतला, बाकी काही सांगितलं नाही. फक्त दोन दशांश दाखव एवढं निवडलं. "मुली, अडीच भर. पण आज मान वर ठेव."

तिनं दोन, टिंब, पाच, शून्य दाबलं आणि पुढच्या ओळीत गेली. आमच्या डोळ्यांदेखत अडीचचं २.०० झालं. दीड भरला, २.०० झालं. साडेतीन भरले, ४.००.

"शेवटची दोन शून्यं हे नुसते कपडे," वन्सं म्हणाल्या. "आत उघडा दोन आहे. त्या शून्यांमुळे चिठ्ठी इतकी काटेकोर दिसते की कोणाला शंका येऊ नये. आणि अर्ध्याला सम आकड्याकडे ढकलायचं ते एकूण बेरीज बिघडू नये म्हणून. बेरजेला ते ठीक आहे. डोळ्यांची कोणी बेरीज करत नाही."

अध्यक्ष म्हणाले, "पण आता तर तिथे अपूर्णांक बसतोय."

"कारण काका घरी गेले त्या दुपारी कोणीतरी खाना बदलला. धूळ मात्र पुसली नाही. म्हणून काका गेले आणि तक्रारी थांबल्या. पण खाना मोठा केला तरी गळालेला अर्धा परत येत नाही. जुन्या नोंदी पूर्णच राहिल्या. मग या बाईंच्या नोंदीत दीड आणि अडीच कुठून आले? त्यांचा कागद भरला तेव्हा या खान्यात दीड मावतच नव्हता. आज तो तिथे बसलाय, म्हणजे नंतर हातानं बसवलाय. मला दाखवायला."

व्यवस्थापकांनी रुमाल काढला. "ऑपरेटरनं केलं असेल. नाहीतर संगणकानंच. जुना आहे, काहीही करतो. मॅडम, चूक संगणकाची आहे."

"संगणकाला आई नसते, साहेब," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावर ती दुसरी नोंद उघडली.

"त्या सगळ्या पूर्ण आकड्यांमध्ये आणखी एकच नोंद दुरुस्त केलेली आहे. तुमच्या आईंची. सव्वादोन. आईंचं डोकं दुखत होतं आणि तुम्हाला नेमकं का ते ठाऊक होतं. त्यांचा नंबर नीट केलात, नवी चिठ्ठी काढलीत, नवा चष्मा दिलात. बाकी सगळ्या गावाचं डोकं दुखत ठेवलंत. त्यांना बोलावलं असतं तर चूक तुमची हे उघड झालं असतं."

काका दारात येऊन उभे होते. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

"आता सांगतो," काका म्हणाले. "यांना. म्हटलं, अर्धे-पाऊण नंबर गेले कुठे? तर म्हणाले, काका, तुमचं वय झालं. खांद्यावर खेळवलं तेव्हा वाटलं होतं पोरगं शहाणं निघेल. दीडशहाणं निघालं."

६

कागदावर सही झाली, पण नाव बदलून. व्यवस्थापक टेबल आवरत होते. वन्सं बाहेर गेल्या तसे ते माझ्याकडे आले. माझ्या गळ्यातली माळ बघून आले असावेत.

"ताई, तुम्ही देवाधर्माच्या बाई. तुम्ही तरी समजून घ्याल. चूक कोणाच्या हातून होत नाही?"

मला आवाज चढवता येत नाही. लहानपणापासूनच येत नाही. "चूक तुम्ही नवी फाइल केलीत त्या दिवशी झाली," मी म्हटलं. "नकळत झाली. ती कोणीही माफ करील, मीसुद्धा. पण काकांनी विचारलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं. नंतर शिवणाऱ्या बाई पडल्या. काकांनी विचारलं त्याच दिवशी खाना सुधारून त्यांचा चष्मा परत मागवला असता तर त्या पडल्या नसत्या. एक चिठ्ठी जास्त छापावी लागली असती, एवढंच. त्याला मी चूक म्हणणार नाही, आणि ते माफ करणं माझ्याकडे नाही. त्यांच्या घरी जा. जिना जपून चढा."

ते गेले की नाही मला माहीत नाही. बाईंचं मनगट जुळलं, पण बारीक टाका अजून जमत नाही. त्या विषयावर नेत्रालयानं दिलगिरीचं पत्र पाठवलंय. सुबक छापलेलं आहे.

काकांना परत बोलावलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. आधी अपूर्णांकवाल्या सगळ्यांना बोलवा, मग मी यंत्र सुरू करतो. ऑपरेटर मुलीनं केसपेपर बाहेर काढले आणि एकेकाला फोन लावले. बहुतेक जण म्हणाले, असू दे हो, फुकटचा चष्मा, चालवून घेतोय. तिनं प्रत्येकाला ठणकावून सांगितलं, चालवून घ्यायचं नाही, यायचं.

माझं भिंग काकांनी माझ्यासमोर घासलं. हात जरासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून मी वाचायला बसले. ओळी जागेवर होत्या. काना, मात्रा, अनुस्वाराचं टिंबसुद्धा. अध्याय एका बैठकीत संपला आणि लक्ष एकदाही कुठे गेलं नाही, कारण ते याआधीही कुठे गेलं नव्हतं. कितीतरी सकाळी मी हात जोडून क्षमा मागितली होती, मन थाऱ्यावर नाही म्हणून.

पोथी मिटली. हात जोडले. आणि त्या सगळ्या क्षमा देवाकडून परत मागून घेतल्या.